मदत हवी आहे: अँग्लो-सॅक्सन शेतकरी वेठीला कसा लागला?

नमस्कार मंडळी, इतिहासवाल्यांनी जरा मदत करा. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन काळातल्या (म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्याआधीच्या) साध्या शेतकऱ्यावर वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये.

सातव्या शतकाच्या शेवटी वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या राज्याचा राजा इने याचे कायदे आहेत, त्यात चेओर्ल म्हणजे स्वतंत्र शेतकरी दिसतो. त्यातलं एक कलम फार आवडलं, सामायिक कुरणाला काहींनी आपल्या वाट्याचं कुंपण घातलं, काहींनी नाही, आणि त्या फटीतून गुरं घुसून पीक खाऊन गेली तर फट ज्यांची त्यांनी बाकीच्यांना भरपाई द्यायची. म्हणजे बांधाची भांडणं तेव्हाही होतीच!

मग अकराव्या शतकातल्या एका जमीनदारी दस्तऐवजात गेबूर, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेला शेतकरी, भेटतो. त्याला सुरुवातीला २ बैल, १ गाय, ६ मेंढ्या आणि ७ एकर पेरलेली जमीन मिळते, पण बदल्यात आठवड्याचे २ दिवस मालकाच्या शेतावर राबायचं, सुगीत ३ दिवस, आणि मेला की मालक सगळं परत घेणार. वाचून खरंच वाईट वाटतं.

तर या मधल्या ३०० एक वर्षांत नेमकं काय झालं? जड नांगर आणि बैलांच्या मोठ्या जोड्या एकट्याला परवडेनात म्हणून, की राजाने चर्चला आणि सरदारांना जमिनी लिहून दिल्या म्हणून, की व्हायकिंगांना (उत्तरेकडून येणाऱ्या समुद्री लुटारूंना) द्यायच्या खंडणीच्या करामुळे? मला दुसरं कारण जास्त पटतं, पण सगळीकडे एकसारखं झालं नसणार, कारण १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (नॉर्मन राजाने करवलेल्या इंग्लंडमधल्या जमिनींच्या मोजदादीत) पूर्वेकडे स्वतंत्र शेतकरी बरेच दिसतात. तिकडे ते कसे टिकले? कोणी यावर अभ्यास केला असेल तर प्लीज सविस्तर लिहा.