पोलिसांना नवे संगणक आणि सरकारी फोन: आधी खरेदी की आधी दुरुस्ती?

शिवाजीनगरचा वकील (धागा सुरू)

१ जुलै २०२४ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. मोबाइल कोणाचा, हे मात्र कायदा सांगत नाही. पुण्यात माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत तो तपास अंमलदाराचा स्वतःचा असतो. हप्त्यावर घेतलेला, मेमरी भरलेली, त्यातच मुलांच्या शाळेचा ग्रुप आणि घरचे फोटो.

आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र बघा. त्याच्या नमुन्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारी तिची ओळखखूण) लिहायचं असतं. हवालदाराच्या खिशातल्या फोनचा नंबर अशा रीतीने खटल्याच्या कागदांत येतो. उलटतपासात प्रश्न ठरलेले असतात: फोन कोणाच्या नावावर आहे, घरात आणखी कोण वापरतं, आज तो कुठे आहे? दरम्यान त्याने तो एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला असेल, तर उत्तर देताना तो अडखळतो आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. ई-साक्ष्य या पोलिसांच्या चित्रीकरणाच्या अॅपमुळे चित्रीकरण सुरक्षित साठवणीत जातं हे खरं, पण ते अॅप चालायलाही फोन धड लागतो.

ठाण्यातल्या संगणकांचंही तेच. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. गुन्हे नोंदवणारी यंत्रं त्यावर चालू ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जो तपास करतो त्याला सरकारी फोन द्या, संगणक ठरलेल्या मुदतीला बदला, आणि यासाठी दरवर्षी वेगळी तरतूद ठेवा. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जुलै २०२३मध्ये उपसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना एक लाखापर्यंतचं उपकरण घ्यायची मुभा दिली, चार वर्षं दुसरं मिळणार नाही या अटीवर. फायली बघणाऱ्याला जे मिळतं, ते पंचनामा करणाऱ्याला का नाही?

तपकीर गल्ली

वकीलसाहेब, फोनचं पटलं. संगणकांचं अजिबात नाही. माझा हा रोजचा धंदा आहे. सरकारी कार्यालयांतून "निकामी" म्हणून आलेली यंत्रं मी उघडतो. आत पंख्यावर धुळीचा थर, चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. एसएसडी (फिरत्या डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घाला, रॅम आठ जीबी करा, थर्मल पेस्ट बदला, यूपीएसची बॅटरी टाका. तेच यंत्र आणखी काही वर्षं टायपिंग आणि ब्राउझरचं काम आरामात करतं, तेही नव्याच्या किमतीच्या लहानशा भागात. देखभालीचा करार कागदावर असतो, पण माणूस कोणी येत नाही. नवीन घेतलेत तरी तो यायचा नाही, मग तीन वर्षांनी हाच धागा पुन्हा काढाल.

विंडोज १० संपलं म्हणून यंत्र फेकायचं हे मला मान्य नाही. फ्रान्सची जांदार्मेरी, म्हणजे तिथलं पोलिसी काम करणारं दल, २००८पासून उबुंटू या फुकट लिनक्स प्रणालीवर आधारलेल्या प्रणालीवर गेली. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये माया ही तशीच प्रणाली आणली. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बॉस लिनक्स बनवलं आहे आणि सी-डॅकचं मुख्यालय आपल्याच पुण्यात आहे. सीसीटीएनएसचं, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या यंत्रणेचं, काम मुख्यतः ब्राउझरमधून होतं. मग अडतंय कुठे?

निवृत्त ठाणे अंमलदार

कुठे अडतं ते सांगतो.

रात्री दीड वाजता फिर्यादी समोर बसलेला असतो, अंगावरचे कपडे रक्ताने माखलेले. फिर्याद सांगताना तो मध्येच रडतो, थांबतो, पुन्हा सांगतो. मी टाइप करत असतो. लाइट जाते, यूपीएस बीप करतो आणि अर्ध्या मिनिटात सगळं बंद. परत चालू होईपर्यंत त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारायचं. दुसऱ्यांदा सांगताना एखादी वेळ बदलते, एखादं नाव राहून जातं. ते राहिलेलं नाव पुढे कोर्टात काय करतं ते वकीलसाहेबांना विचारा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची असते. कार्ट्रिज संपलेलं असलं की अंमलदार पेन ड्राइव्ह घेऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानातल्या संगणकावर ती फाइल उघडते. पीडितेचं नाव, पत्ता, सगळं त्यात. तोच पेन ड्राइव्ह परत येऊन ठाण्याच्या संगणकाला लागतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, कायम.

लिनक्सबद्दल: नोकरीची बरीच वर्षं आमच्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालं. त्या फायली युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येतील अशा, नाहीत. संगणक बदलला की जुनं दोषारोपपत्र उघडल्यावर चिन्हांची रांग दिसते. स्कॅनर, प्रिंटर आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रं यांचे ड्रायव्हर वेगळेच. नवं यंत्र घ्या, लिनक्स घाला, काहीही करा, पण आधी जुन्या फायलींचं युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि जमेल तिथे पीडीएफ काढून ठेवा. खरेदीच्या निविदेत हे कामच धरलेलं नसतं.

कोथरूडकर करदाता

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. ऑक्टोबर २०२४मध्ये शहरात सात नवी ठाणी सुरू झाली: आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, फुरसुंगी, काळेपडळ, वाघोली. नवं ठाणं म्हटलं की इमारत, माणसं, गाडी, मुद्देमालाची खोली, सगळंच लागतं. गणेशोत्सवात बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई किती तास उभा असतो ते लक्ष्मी रोडवर राहणाऱ्या कोणालाही विचारा. त्याला नवा फोन दिला म्हणून त्याची ड्युटी कमी होणार आहे का? पैसा मर्यादित असेल तर तो आधी भरतीवर आणि पोलीस वसाहतींच्या घरांवर जावा. माझ्या लेखी संगणक तिसऱ्या क्रमांकावर.

शिवाय सरकारी खरेदीचा अनुभव काय सांगतो? मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून वस्तू येतात आणि खोक्यांतच पडून राहतात. ठरलेल्या मुदतीला बदलायचा नियम झाला की चालू यंत्रंही काढली जातील. पुरवठादारांची सोय होईल, फिर्यादीची होणार नाही.

औंधकर ताई

कोथरूडकर, तुम्ही फिर्यादीच्या सोयीचं म्हणालात म्हणून लिहितेय. एका प्रकरणात माझ्या जखमांचे फोटो तपास करणाऱ्या माणसाने स्वतःच्या फोनवर काढले. काढायला हवेच होते, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण पुढे ते त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले आणि तिथे किती जण होते हे मला कोणीही सांगू शकलं नाही. ते फोटो आजही कोणाच्या गॅलरीत आहेत का? त्या गृहस्थाची बदली झाली, फोनही त्यांच्याबरोबर गेला.

सरकारी फोन असता तर तो दप्तरी जमा झाला असता, मी अर्ज करून विचारू शकले असते. हा प्रश्न तुमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर असेल, माझ्या यादीत पहिला आहे. भरती हवीच. पण नव्या भरतीतला शिपाईसुद्धा स्वतःच्याच फोनवर फोटो काढणार असेल, तर माझ्यासारखीला काय फरक पडला?

हिंजवडी आयटी

मधला मार्ग सुचवतो. आमच्यासारख्या कंपन्या चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, यंत्रं उत्तम अवस्थेत असतात. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या खर्चातून, पोलिसांना द्यावीत. सरकारचा पैसा वाचेल, ई-कचराही कमी होईल. विंडोज ११ चालायला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडून निघणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो आहे.

शिवाजीनगरचा वकील

हिंजवडी, हेतू चांगला आहे, पण माझा ठाम विरोध. उद्या त्याच कंपनीविरुद्ध भविष्य निर्वाह निधी बुडवल्याची किंवा कर्मचाऱ्याच्या छळाची तक्रार त्याच ठाण्यात आली तर? तक्रारदार टेबलावरच्या लॅपटॉपवर कंपनीचं स्टिकर बघणार. तपास निःपक्ष असूनही त्याला तसं वाटणार नाही. द्यायचंच असेल तर राज्य शासनाच्या निधीत द्या, कुठल्या ठाण्याला काय जाईल ते देणाऱ्याला कळू नये.

तपकीर गल्लीशी एका मुद्द्यावर वाद घालतो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा आंध्र प्रदेशातल्या पोलिसांचे संगणक त्यात सापडले होते. दुरुपयोग झालेल्या त्रुटीचा पॅच मार्चमध्येच निघाला होता. म्हणजे जुन्या यंत्राला नवी एसएसडी घालून भागत नाही, त्याची अपडेट्स कोण आणि केव्हा टाकतो हे ठरलेलं हवं. लिनक्सलाही तोच नियम. ठाण्यात लिनक्स सांभाळणारा माणूस कोण? तुम्ही जाल का रात्री दीडला?

तपकीर गल्ली

बोलावलंत तर येईन, मनापासून सांगतो. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे की माणूस नेमलेला हवा. माझं भांडण तेच आहे: माणूस नेमा, तो पुण्यातला असू द्या, आणि ज्या यंत्राला त्याने लेखी "दुरुस्त होणार नाही" म्हटलंय तेवढंच बदला. सरसकट नको.

आणि बदलणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. निर्लेखन होऊन, म्हणजे निकामी म्हणून दप्तरातून कमी होऊन, यंत्रं लिलावात जातात, तेव्हा हार्ड डिस्क आतच असते. फॉरमॅट मारलं की पुसलं, असा समज आहे. साध्या क्विक फॉरमॅटने फायली जागच्या जागी राहतात, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत निघतात. मी स्वतः एका कार्यालयाच्या डिस्कमधून लोकांचे अर्ज आणि आधारच्या प्रती निघालेल्या बघितल्या आणि त्या डिस्कला तिथेच ड्रिल मारलं. २०२२च्या ई-कचरा नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, घाऊक वापरकर्त्याने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा आहे. पोलिसांच्या डिस्कमध्ये काय असतं ते औंधकर ताईंनी वर सांगितलंच. नवे हजार संगणक आणायच्या गप्पा करताना जुन्या हजार डिस्कचं काय करणार ते कोणी लिहिलेलं नाही.

निवृत्त ठाणे अंमलदार

हे लाख बोललात. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कार्यालयातल्या वस्तूंच्या नोंदवहीला, खरेदीची तारीख असते, किंमत असते. डिस्क कोणी नष्ट केली, कोणासमोर केली, यासाठी रकानाच नसतो. मुद्देमाल नष्ट करताना आम्ही पंचनामा करतो, मग डिस्कचा पंचनामा का नको?

फोनबद्दल एक अट मात्र घाला. सरकारी फोन दिला म्हणून साहेबांनी ड्युटी संपल्यावरही तो चोवीस तास चालू ठेवायला सांगू नये. नाहीतर पोरं तो घेणारच नाहीत, कपाटात टाकतील आणि स्वतःचाच वापरतील.

कोथरूडकर करदाता

औंधकर ताई, तुमचं वाचलं. फोनच्या बाबतीत तपास अंमलदारांपुरता खर्च मी मान्य करतो. संगणक सरसकट बदलायला माझा विरोध कायम आहे, कारण किती यंत्रं खरंच निकामी आहेत हे वरच्यापैकी कोणीच सांगितलेलं नाही. वकीलसाहेबांनीही नाही.

म्हणून आयुक्तालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे दोन अर्ज करतो, प्रत्येकी दहा रुपये शुल्क. पहिल्यात संगणक: खरेदीचं वर्ष, देखभालीचा करार कोणाशी आणि कधीपर्यंत, गेल्या निर्लेखनात डिस्क कशा नष्ट केल्या. दुसऱ्यात फोन: तपास अंमलदारांना सरकारी फोन दिले आहेत का, आणि नसतील तर खासगी फोनमधले फोटो पुसण्याबद्दल काही लेखी आदेश आहे का. ताई, दुसऱ्या अर्जाचे शब्द तुम्ही बघून द्याल का? सोमवारी पोस्टात टाकतो, उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे.