पटव्यांची हवेली: नक्षी बघायची की अफू?

साताऱ्याचा_भटक्या: जैसलमेरला पटव्यांची हवेली पाहून आलो. गुमानचंद पटवांनी १८०५ च्या सुमारास काम काढलं. पाच मुलांसाठी पाच हवेल्या, सगळ्या पिवळ्या दगडात. झरोके बघून मान अवघडली, पण गाइडचं एकच पालुपद, 'जरीचे व्यापारी'. पटव्यांच्या अफूच्या व्यापाराचा चकार शब्द नाही. या पैशाचं इतकं कौतुक करावं का?

पटवेकरीण: पटवा म्हणजे आपला पटवेकरी, एवढं तरी गाइडचं बरोबर आहे. रेशमात, जरीत दागिने गाठणारा. बाकी तुमच्याशी सहमत.

कोरडा_ठाक: मी नाही. अफू त्या काळी चोरटा माल नव्हता. माळव्यात होळकर-शिंद्यांच्या मुलखात उघड पिकायची. कंपनीचा मक्ता बंगालच्या अफूवर. माळव्याचा माल तिला चुकवून पाली-जैसलमेरवरून उंटांवर कराचीला जायचा, तिथून गलबतानं पोर्तुगीजांच्या दमणला आणि पुढे चीनला. कंपनीचा कर बुडवला म्हणून पटव्यांना कशाला नावं ठेवायची? १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली आणि माल मुंबईकडे वळला. जैसलमेर तिथंच बसलं.

साताऱ्याचा_भटक्या: कर राहू द्या हो. चीनमध्ये ती ओढणाऱ्यांचं काय?

गिरगावकर: मग जेजेत केसपेपर काढताना हा प्रश्न विचारता का? ते रुग्णालय १८४५ चं, जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतलं. त्यांची कमाई चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. आपली मुंबई सोवळी आणि मारवाडातलं ते ओवळं?

साताऱ्याचा_भटक्या: जेजेतही विचारावं. पण तिथं निदान गरिबाला खाट मिळाली. इथं झरोके.

गिरगावकर: झरोके कोरणाऱ्या पाथरवटांची चूल पेटलीच की इतकी वर्षं. दुष्काळी गावात ते काय कमी?

पटवेकरीण: कोरडा_ठाक, १८४३ ला सगळं संपलं हे अर्धंच. पटव्यांच्या पेढ्या उदयपूर, इंदूरला होत्याच. इंदूरला होळकरांचे पंतप्रधान झालेले सर सिरेमल बापना याच घराण्यातले. बसलं ते गाव.

कोरडा_ठाक: मान्य. मीही गावच म्हटलं होतं, वर पाहा.

साताऱ्याचा_भटक्या: पाचांतली एक आता कोठारींची आहे, खासगी संग्रहालय. बाकीच्यांपैकी काही सरकारी. निदान सरकारी हवेल्यांत तरी अफूची पाटी लावा, एवढंच म्हणतोय.

गिरगावकर: लावा. दुसरी जेजेच्या फाटकावर. वर्गणी मी देतो.