फवारलेल्या कपाशीत निंदणाला बाया कधी घालायच्या?

प्रश्न: काल सकाळी प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक मारलं. कपाशी कमरेच्या वर गेली आहे. उद्या सकाळी बाया घातल्या तर चालेल का?

उत्तर १: लेबलवर मुदत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर ऑरगॅनोफॉस्फेटला (प्रोफेनोफॉस याच गटातलं विष) निदान ४८ तास द्या. पान सुकलं म्हणजे विष गेलं असं नाही. दवानं पानावरचा थर पुन्हा ओला होतो, लुगडं आणि बाह्या भिजतात, कातडीतून अंगात शिरतं. तेव्हा उद्या दव उतरल्यावरच, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.

उत्तर २: शेजारच्या ओळींत फवारणी चालू असेल तर अजिबात नको. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीतून शेतकऱ्यांना विषबाधा झाली तेव्हा कपाशी डोक्याएवढी होती, फवारा थेट तोंडावर येत होता. आणि तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. ओला झाला की उलट विष नाकाशीच धरून ठेवतो.

उत्तर ३: दरदरून घाम, लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी दिसली की कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. दवाखान्यात जाताना फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्या, अ‍ॅट्रोपीन (या विषावरचा उतारा) द्यायचं की नाही हे ठरवायला डॉक्टरला तिची मदत होते.