शब्दचर्चा : जनुकीय क्रमनिर्धारण

प्रश्न : करोनाच्या काळात 'नमुने जनुकीय तपासणीसाठी पुण्याला पाठवले' हे वाक्य बातम्यांत हमखास असायचं. विज्ञानविषयक लेखांत मात्र 'जनुकीय क्रमनिर्धारण' दिसतं. दोन्ही एकच का? आणि म्युटेशन, व्हेरिएंट, स्ट्रेन या सगळ्यांना 'नवा विषाणू' म्हटलेलं चालेल?

प्रतिसाद १ : एकच नाहीत. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकसंचातले (म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकीय माहितीतले) ठरावीक तुकडे नमुन्यात आहेत का, एवढंच बघते. क्रमनिर्धारणात अख्खा जनुकसंच अक्षर न अक्षर वाचतात; अक्षर म्हणजे त्या साखळीतला एकेक रासायनिक घटक. करोनाच्या विषाणूत अशी सुमारे ३०,००० अक्षरं आहेत. 'तपासणी'त दोन्ही खपतं, त्यामुळे पॉझिटिव्ह आलेल्याचीच पुन्हा चाचणी चाललीय असं वाचकाला वाटतं.

रोगाचा माग या वाचनातूनच लागतो. विषाणूच्या प्रती निघताना मधूनच एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या प्रतींत उतरते. दोन रुग्णांच्या विषाणूंत त्याच त्या चुका आढळल्या, तर त्यांच्या संसर्गाचं मूळ जवळचं. पण या विषाणूत महिन्याला साधारण दोनच बदल टिकतात. म्हणून कोणी कोणाला लागण दिली, हे नुसत्या अक्षरांवरून सांगता येत नाही. त्यासाठी लक्षणांच्या तारखा आणि गाठीभेटी विचाराव्याच लागतात. 'अमक्यामुळे पसरला हे जनुकांवरून सिद्ध' छापाचे मथळे मला म्हणूनच पटत नाहीत.

प्रतिसाद २ : म्युटेशन म्हणजे उत्परिवर्तन, अक्षरातला एक बदल. असे काही बदल एकत्र घेऊन पसरणारा तो व्हेरिएंट, म्हणजे उपप्रकार. मार्च २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांवरून 'डबल म्युटंट' हा शब्द गाजला. ई४८४क्यू आणि एल४५२आर या दोन बदलांवरून ते नाव पडलं, पण त्या विषाणूत बदल दोनच नव्हते. त्याच बी.१.६१७ कुळातल्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' नाव दिलं. गंमत म्हणजे डेल्टात ई४८४क्यू नाहीच! तेव्हा 'दुहेरी उत्परिवर्तन' म्हणजे डेल्टा, असं लिहू नये. 'नवा विषाणू' तर मुळीच नको. विषाणू तोच होता.

प्रश्नकर्ता : आणि स्ट्रेनला, म्हणजे गुणधर्मच वेगळे दिसणाऱ्या उपप्रकाराला, 'वाण' म्हणावं?

प्रतिसाद २ : बियाण्याला शोभतं. विषाणूचं वाण म्हटलं की कुणीतरी मुद्दाम पेरल्यासारखं वाटतं. मी स्ट्रेनच लिहितो.