हिमालयन ४११ ला हायवेसाठी पुढं १६ दातांचं स्प्रॉकेट टाकावं का?

पुणे_ते_बेळगाव

मित्रांनो, गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, बीएस६, सगळं कंपनीचंच आहे. पुणे-सातारा-कोल्हापूर-बेळगाव हा माझा नेहमीचा रस्ता, निम्म्या वेळा मागे बायको आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. ८० पर्यंत गाडी इतकी छान चालते की उतरावंसं वाटत नाही, पण ९५-१०० ला गेलं की आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा ५००० च्या आसपास, हँडलला आणि फूटपेगला मुंग्या, आणि डावा पाय सारखा अजून एक गिअर आहे का बघतो, पाचच आहेत तरी. मेकॅनिक म्हणतोय पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) काढून १६ चं टाकू, आवाज एकदम शांत होईल. कुणी टाकलंय का? खंबाटकीत किंवा निपाणीच्या पुढं तवंदी घाटात दोघं बसलेलो असताना गाडी ओढेल का, की सारखं चौथ्यावर यावं लागेल? आणि स्पीडोमीटर चुकतो म्हणतात ते कितपत खरं आहे? चेन सेट पण बदलायला आलाय म्हणून आत्ताच विचारतोय.

करवीरचा_फिटर

भावा, आधी आकडे बघ मग ठरव. तुझं आत्ताचं पुढं १५ मागं ३८, म्हणजे रेशो (मागचे दात भागिले पुढचे) २.५३. पुढं १६ केलं की २.३८ होतो, म्हणजे त्याच स्पीडला आरपीएम सव्वासहा टक्क्यांनी उतरतात, १०० ला ५००० असतील तर ४७०० च्या जवळ येतील. तीनशे आरपीएम फार वाटत नाहीत, पण व्हायब्रेशनचा जोर आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळं तो १२ टक्के कमी होतो आणि हाताला ते नक्की जाणवतं.

पण ह्या इंजिनाचा स्वभाव समजून घे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ८६ मिलिमीटर, लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, ५००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४ मीटरच्या वर जातो. केटीएमच्या जुन्या ३९० ड्यूकचा स्ट्रोक ६० चा, तिला तेवढ्या वेगाला यायला ७००० च्या पुढं फिरावं लागतं. म्हणून ड्यूकवाला मित्र सांगतो "माझी तर ७००० ला पण आरामात असते" त्याच्याशी तुलना करू नकोस, दोन्ही इंजिनांचं ५००० एकसारखं नाही. तुझ्या गाडीचा टॉर्क (इंजिनाची फिरवायची ताकद) ३२ न्यूटन मीटर, तो ४००० ते ४५०० मध्ये मिळतो आणि ८० ला तू बरोबर ४००० च्या आसपास असतोस. ८० ला जी मजा येते ती त्यामुळंच. कंपनीनं गिअरिंग विचार करूनच दिलंय असं माझं स्पष्ट मत आहे, आणि चौपदरी हायवेवर टू व्हीलरची मर्यादा पण ८० चीच आहे.

१६ टाकलंस तर तोच टॉर्क ८५ च्या आसपास सापडेल. पण लक्षात ठेव, फरक एकट्या पाचव्यात पडत नाही, पहिल्यापासून सगळ्या गिअरमध्ये मागच्या चाकावरचा जोर सहा टक्के कमी होतो.

वर्धा_रोड_रायडर

राजेहो, मी नागपूरचा, माझ्या ४११ ला १६ चं टाकलेलं आहे आणि मी परत १५ वर जाणार नाही. पण आमचा रस्ता बघा ना, नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा-आदिलाबाद, एनएच ४४, घाट म्हणावा असं त्यात काही नाही, समृद्धीवर बाईकला बंदी म्हणून आम्ही इकडंच पळतो. पाचव्यात टाकलं की तासभर गिअरला हात नाही लागत भाऊ, ८५-९० ला इंजिन एकदम मोकळं वाटते, आवाज कमी झाला म्हणून डोकं पण दुखत नाही लांबच्या पल्ल्यात. मायलेजमध्ये थोडा फायदा झाला, फार नाही.

एक मात्र सांगतो, मे महिन्यात समोरून गरम वारा आला ना, की ९० च्या पुढं पाचवा गिअर नुसता नावाला राहतो, रेस पूर्ण पिळली तरी गाडी चढत नाही, चौथ्यातच बरी चालते. आणि मी जास्त करून एकटाच असतो, सामान म्हणजे एक टेल बॅग.

कुंभार्ली_चिपळूण

माझं मत उलट आहे आणि ते मी ठासून सांगणार. मी मागे बसते आणि चालवते पण, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. चिपळूण-कऱ्हाड कुंभार्ली घाटातून आमचं कायम जाणं, वळणावर समोरून एसटी आली की जवळजवळ थांबावं लागतं आणि मग चढावर दोन माणसं आणि सामान घेऊन पहिल्यात उचलायचं. १६ असलं की तिथे क्लच जास्त वेळ अर्धा धरावा लागतो, प्लेट्स तापतात, मागच्याला हिसके बसतात. गाडी जवळपास दोनशे किलोची, त्यात दोघं आणि बॅगा, आणि इंजिन फक्त चोवीस हॉर्सपॉवरचं, त्यातून तुम्ही अजून ओढ कमी करणार, कशासाठी?

आणि खरा धोका पुढे आहे. उंच गिअरिंग टाकलेले लोक आळसाने चढावर पण पाचव्यातच राहतात, इंजिन धडधडत नॉक करत असतं तरी खाली येत नाहीत. कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल म्हणजे क्रँकच्या बेअरिंगवर सगळा मार, आणि हे एअर-ऑइल कूल्ड इंजिन, चढावर वारा कमी मिळतो तेव्हा आणखी तापतं. दादा, तुम्ही वहिनींना घेऊन जाता म्हणताय तर १५ च राहू द्या, ८०-८५ ला चालवा. बेळगावला पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचाल, पण उतरल्यावर दोघांची पाठ जागेवर असेल.

पुणे_ते_बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, फार उपयोगी. ताई तुमचा मुद्दा पटला, बायकोला वाचून दाखवला तर ती लगेच तुमच्या बाजूने झाली. एकच विचारतो, पुढचं तसंच ठेवून मागचं ३८ चं ३७ किंवा ३६ केलं तर मधला मार्ग निघेल का?

करवीरचा_फिटर

निघतो की. मागं ३७ म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत फरक, ३६ म्हणजे सव्वापाच. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण अडीच दात हा हिशोब, त्यामुळं बारीक बदल करायचा तर मागूनच करावा. अजून एक फायदा आहे जो फारसं कुणी सांगत नाही. चेनच्या कड्या कायम सम संख्येत असतात, पुढं १५ म्हणजे विषम दात असले की प्रत्येक दाताला एकदा आतली कडी एकदा बाहेरची कडी येते आणि झीज सारखी होते, १६ ला तोच दात कायम त्याच प्रकारच्या कडीत बसतो. रोजच्या वापरात हा फरक लहान आहे, पण चेन सेट महाग झालेत तेव्हा फुकटचा फायदा सोडू नये. आता तुझ्या गाडीला बसणारं ३७ किंवा ३६ चं चांगल्या पोलादाचं मिळतंय का ते आधी दुकानात बघ, स्वस्तातलं मऊ स्प्रॉकेट अजिबात घेऊ नकोस, दात लवकर वाकडे होतात आणि नवी चेन पण खातात.

स्पीडोमीटरचं असं आहे, सेन्सर चाकावर असेल तर स्प्रॉकेट बदलून काही फरक पडत नाही, गिअरबॉक्सकडून रीडिंग घेत असेल तर काटा तेवढ्याच टक्क्यांनी चुकतो. तपासायला सोपं आहे, बदलायच्या आधी आणि नंतर मोबाईलच्या जीपीएसवर ६० आणि ८० ला बघ.

आणि तुझ्या मेकॅनिकनं १६ टाकायचंच म्हटलं तर झाकण उघडून चेन कुठं घासते का ते हातानं चाक फिरवून बघायला सांग, मोठ्या स्प्रॉकेटनं मागचं चाक पुढं सरकतं त्यामुळं चेनचा ढिलेपणा नव्यानं सेट करावा लागतो, आणि तो तू बसलेला असताना पण तपास, नुसता स्टँडवर नाही.

वर्धा_रोड_रायडर

फिटर भाऊंशी सहमत. आणि ताई बरोबर सांगतात, घाट आणि डबलसीट असेल तर माझ्यासारखं करू नका. पुणेकर भाऊ, ८० ते १०० मध्ये हवा कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते, त्यात तुमच्या दोन बॅगा रुंद, कोणतंही स्प्रॉकेट टाका ती ताकद इंजिनालाच द्यायची आहे. आधी एकदा बॅगा काढून १०० ला चालवून बघा, मुंग्या तेवढ्याच येतात का. हँडलचे बारएंड (टोकाची वजनं) आणि फूटपेगचे रबर पण बघून घ्या, माझ्या गाडीचे रबर कडक झाले होते, ते बदलल्यावर पायाचा त्रास बराच गेला.

पुणे_ते_बेळगाव

ठरलं, १५-३८ चाच नवा चेन सेट टाकतो आणि रबर बदलतो. ३७ चं कुठे चांगलं मिळालं तर आणून ठेवीन, पावसाळ्यानंतर एकटा हंपीला जायचंय तेव्हा लावून बघतो आणि इथेच आरपीएमचे आकडे टाकतो.