डीबी स्पेक्ट्रम प्लस आणि मामांच्या चौदा कॅसेटी : आधी काय सुरू करावे?

वणाकाठ (हिंगणघाट तालुका)

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात मामांच्या घराचे कवेलू फेरताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात जुन्या धोतरात गुंडाळलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडून चालणाऱ्या आणि कॅसेटवर प्रोग्राम साठवणाऱ्या सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम संगणकाची डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर भारतात काढलेली आवृत्ती, आणि मामांच्या अक्षरातील चिठ्ठ्या लावलेल्या चौदा कॅसेटी होत्या. मामा गणिताचे शिक्षक होते. १९८८ साली त्यांनी हे यंत्र पुण्याहून आणले आणि काही वर्षे ओसरीवर गावातल्या मुलांना त्यावर पाढे शिकवले. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. पेटी खाली उतरवल्यावर ते एवढेच म्हणाले, की पावकी-निमकीचा (पाव आणि अर्ध्याच्या पाढ्यांचा) प्रोग्राम निघत असेल तर पाहा.

यंत्र बाहेरून धड दिसते. की दाबल्या जातात आणि डाव्या कडेचे रीसेटचे बटणही जागेवर आहे. मूळ अडॅप्टर मात्र हरवला आहे. घरी राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर आहे आणि त्याची पिन अगदी बरोबर बसते. तो लावून पाहावा का? गावातील विजेची अवस्था आपण जाणताच. ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी पंखा जेमतेम फिरतो, तर मध्यरात्री बल्ब डोळ्यांवर येतो. घरात टीव्ही नवा, एलईडी आहे. मी डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा असल्याने मल्टिमीटर आणि सोल्डरिंग हाताळता येते, पण या यंत्राशी पूर्वी कधी गाठ पडलेली नाही.

सोल्डरचा धूर (अकोला)

वणाकाठ भाऊ, तो अडॅप्टर कृपया लावू नका. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, तर आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरमध्ये याच्या नेमके उलट असते. पिन बसते, व्होल्टेज जुळते, आणि उलटा पुरवठा आत शिरल्यावर क्षणभरात यंत्र जाते. मी स्वतः एक यंत्र असेच घालवले आहे, त्यामुळे हे पुस्तकी ज्ञान नाही. शिवाय मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट १.४ अँपिअरचा होता. राउटरच्या अडॅप्टरची ताकद बहुधा त्याच्या निम्मीच असेल. ९ व्होल्ट २ अँपिअरचा, १०० ते २४० व्होल्ट चालणारा स्विच-मोड अडॅप्टर घ्यावा, त्याची पिन तोडून तारा उलट जोडाव्यात आणि मीटरने दोनदा तपासून मगच तो यंत्राजवळ न्यावा. आपल्याकडील विजेसाठीही हाच प्रकार बरा. जुना अडॅप्टर ट्रान्सफॉर्मरचा असल्याने गावठाण फिडरवर दाब (व्होल्टेज) पडला की त्याचेही व्होल्टेज पडे. आतल्या ७८०५ रेग्युलेटरला (यंत्राला स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या भागाला) साधारण ७ व्होल्टपेक्षा कमी मिळाले की यंत्र मधेच रीसेट होई आणि तासभर टाइप केलेले सगळे जाई. रात्री दाब वाढला की तोच रेग्युलेटर चटका बसेल इतका तापे. तुमचे मामा यंत्र कोणत्या वेळी वापरत, हे त्यांना विचारून पाहा.

अडॅप्टर तयार झाला तरी लगेच टीव्हीला जोडू नका. आधी यंत्र उघडावे, आणि उघडताना कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्यांवर लक्ष ठेवावे. इतक्या वर्षांत त्या वाळक्या पानासारख्या ठिसूळ होतात, आणि वरचे झाकण झटक्याने उचलले की कनेक्टरपाशीच तुटतात. पट्ट्या सरळ वर ओढून मोकळ्या करा. मग बोर्डवर छापलेला इश्यू (म्हणजे आवृत्ती) क्रमांक वाचा आणि फोटो येथे टाका.

यंत्राची खरी दुखरी जागा खालच्या १६ केबी मेमरीत असते. आयसी ६ ते आयसी १३ या आठ चिपा ४११६ जातीच्या असतात आणि त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात. पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५, आणि पिन १६ म्हणजे ग्राउंड. उणे ५ आणि अधिक १२ हे दोन्ही टीआर४ या ट्रान्झिस्टरभोवतीच्या छोट्या मंडलातून तयार होतात. ते मंडल बिघडून उणे ५ नाहीसे झाले आणि १२ मात्र चालू राहिले, तर चिपा एकामागून एक मरतात. म्हणून पहिल्यांदा वीज दिल्यावर दहा सेकंदांत हे तीन दाब मोजावेत. एकही चुकला तर लगेच बंद करावे. बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तर सरळ बदलूनच टाकावेत. सगळे मिळून दोनशे रुपयांच्या आत काम होते आणि माल नागपूरला सीताबर्डीत मिळून जातो.

टीव्हीचे सोपे आहे. मॉड्युलेटरला (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीला) जाणारा काँपोझिट सिग्नल आतूनच वळवून एलईडी टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला द्यायचा. दोन तारांचे काम आहे, आणि मनात आले तर पुन्हा पूर्ववत करता येते.

फीत आणि फिरकी (चंद्रपूर)

वरील सल्ल्यातील एकही शब्द चुकीचा नाही, पण क्रम मला पटत नाही. यंत्र पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल. जळलेली चिप दुसरी मिळते, आणि अगदीच नाही जमले तर अख्खा स्पेक्ट्रम दुसरा मिळतो. त्या चौदा कॅसेटींवर जे आहे ते मात्र जगात दुसरीकडे कोठेही नाही, आणि कॅसेट वाचायला स्पेक्ट्रम लागतच नाही. म्हणून मी म्हणेन, की पेटी तशीच ठेवा आणि आधी फितींना हात घाला.

प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून पाहा. फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वेगळी काढा, ती डेकमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि तेथून पुढच्या कॅसेटीवर जाते. फितीच्या मागे तांब्याच्या पट्टीवर चिकटवलेली नमद्याची बारीक गादी असते, तिचा डिंक उन्हाळ्याने वाळून ती गळून पडलेली असते. ती नसेल तर आवाज पोकळ आणि चढउतार करणारा येतो. अशा वेळी एखाद्या टाकाऊ गाण्याच्या, स्क्रू असलेल्या कॅसेटीचे कवच घ्यावे आणि फिरक्या त्यात हलवाव्यात. माळ्यावर कवेलूंखाली चंद्रपूरसारखे ४५ अंशांचे उन्हाळे सोसलेली फीत आपण समजतो तितकी नाजूक नसते, पण पहिल्यांदा ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गुंडाळून मगच वाजवावी.

घरात जुना टू-इन-वन असेल तर त्याचा बेल्ट बहुधा डांबरासारखा वितळलेला निघेल. तो बदलून घ्या. हेड आणि रबरी चाक आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, ते कोणत्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असते. त्यानंतरचे काम सगळ्यात महत्त्वाचे आहे आणि लोक नेमके तेच टाळतात. हेडच्या बाजूला एक स्प्रिंग लावलेला बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना पेचकसाने तो अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाएवढा, फिरवत राहायचे आणि जेथे करकर सर्वांत धारदार ऐकू येईल तेथे थांबायचे. मामांनी ज्या रेकॉर्डरवर प्रोग्राम साठवले त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या रेकॉर्डरचा कोन एक नसतो, म्हणून हे प्रत्येक कॅसेटीला नव्याने करावे लागते.

आवाज ओळखायला सोपा आहे. आधी सुमारे पाच सेकंद सलग शिटी, मग क्षणभर करकर, थोडी शांतता, पुन्हा दोन सेकंद शिटी आणि मग लांबलचक करकर. पहिल्या करकरीत प्रोग्रामचे दहा अक्षरांपर्यंतचे नाव आणि लांबी असते, दुसरीत प्रत्यक्ष प्रोग्राम. शिटी ८०७ हर्ट्झची असते. पुढे शून्याची लाट २०४७ आणि एकाची १०२३ हर्ट्झच्या आसपास येते. शून्य आणि एक यांत एवढा ढळढळीत फरक ठेवलेला असल्यामुळेच तीस-पस्तीस वर्षांनंतरही या फिती वाचता येतात. लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झची साधी वेव्ह फाइल करा. एमपी३ नको आणि आवाज स्वच्छ करणारे कोणतेही फिल्टर नकोत, कारण आपल्याला जो गोंगाट वाटतो त्यातच लाटेच्या कडा असतात. मग फ्यूज या मोफत एम्युलेटरच्या (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) संचातील ऑडिओ-टू-टेप ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, त्यामुळे वाचन बिनचूक झाले की नाही हे लगेच कळते.

प्रोग्राम लोड होताच आपोआप धावू लागला, तर लोडऐवजी मर्ज ही आज्ञा रिकाम्या अवतरण चिन्हांसह द्या. मग तो धावत नाही आणि ओळी वाचता येतात.

झेड ऐंशी (वर्धा)

क्रमाबाबत फीत आणि फिरकी यांच्याशी सहमत आहे. मात्र एम्युलेटरवर पाहिले म्हणजे काम झाले, असा सूर कोणी लावू नये. स्पेक्ट्रमवर शब्द अक्षरे टाइप करून लिहायचा नसतो, एका किल्लीला पूर्ण शब्द उमटतो. प्रिंट म्हणजे पी आणि गोटू म्हणजे जी. मामांची बोटे ते विसरलेली नसतील, आणि लॅपटॉपच्या कीबोर्डवर ती बोटे अडखळतील. यंत्र अवश्य दुरुस्त करा.

वणाकाठ (हिंगणघाट तालुका)

तिघांचेही आभार. तीन आठवड्यांनी कळवतो आहे. कापूस वेचणीचे दिवस असल्याने वेळ फक्त रात्रीच मिळाला.

चौदापैकी दोन कॅसेटींवर बुरशी निघाली, त्या प्लॅस्टिकच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. उरलेल्या बारांपैकी नऊ सरळ वाचल्या गेल्या. ‘पावकी’ अशी चिठ्ठी असलेली कॅसेट पहिल्या बाजूने तिन्ही वेळा पडताळणीत नापास झाली, तेव्हा माझा धीर सुटला होता. मामांना सांगितले तर ते शांतपणे म्हणाले, की उलटी करून पाहा, मी प्रत्येक प्रोग्राम दोन्ही बाजूंना ठेवत असे. दुसरी बाजू पहिल्याच प्रयत्नात आली. यंत्र ते एरवी रात्री दहानंतरच लावत असत, हेही विचारून घेतले. मुलांना मात्र संध्याकाळी शिकवावे लागे, आणि त्या काळात एक मुलगा केवळ बल्बकडे पाहत बसवलेला असे; बल्ब मंदावला की त्याने ओरडायचे आणि मामांनी सेव्हची आज्ञा द्यायची.

आता अडचण अशी आहे, की प्रोग्राम मर्ज करून उघडला, पाढ्यांचे गणित कळते, पण शेवटी वीसेक ओळी नुसत्या आकड्यांच्या आहेत आणि त्यातील प्रत्येक ओळ २५५ ने सुरू होते. उदाहरणार्थ ही : डेटा २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, २. हे वाचनातील चुकीमुळे आलेले असावे का? पडताळणी तर बरोबर आहे.

झेड ऐंशी (वर्धा)

चूक अजिबात नाही. चौकटीचा कागद घ्या, आठ बाय आठ घरे आखा आणि प्रत्येक आकडा द्विमानात (फक्त ० आणि १ वापरून) एकेका ओळीत भरा, १ असेल ते घर काळे करा. २५५ म्हणजे आठही घरे काळी. ६६ म्हणजे डावीकडून दुसरे आणि सातवे घर. ६२ म्हणजे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत. २ म्हणजे फक्त सातवे. कागद थोडा दूर धरा, ‘प’ दिसेल.

प्रत्येक ओळ २५५ ने का सुरू होते, हे आता वेगळे सांगायला नको; ती शिरोरेषा आहे, आणि प्रत्येक घराची वरची ओळ पूर्ण काळी असल्यामुळे शेजारशेजारची अक्षरे आपोआप जोडली जातात. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याला स्वतःची चिन्हे काढण्यासाठी एकवीस जागा मिळतात, ए पासून यू पर्यंत, प्रत्येकी आठ बाइटांच्या. तुमच्या मामांनी त्या एकवीस जागांत मराठी बसवली आहे. माझा प्रश्न असा, की वेलांट्या आणि मात्रा त्यांनी कोठे ठेवल्या? शिरोरेषा पहिल्याच ओळीत असेल तर वर जागाच उरत नाही.

वणाकाठ (हिंगणघाट तालुका)

काल रात्री कागद घेऊन मामांसमोर बसलो. वेलांटी वरच्या ओळीच्या घरात काढायची, म्हणजे मराठीची एक ओळ पडद्याच्या दोन ओळी खाते. काना, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी या तिघांची उभी रेघ एकच ठेवून त्यांनी जागा वाचवल्या. तरीही एकवीस जागा संपल्या आणि उकारांसाठी काही उरले नाही. त्यामुळे उत्तर चुकले तर यंत्राला ‘चूक’ म्हणता येईना. त्या जागी त्यांनी ‘परत’ हा शब्द घातला. पुढे कित्येक वर्षे गावातली मुले म्हणत, की गुरुजींचे मशीन कधी कोणाला चूक म्हणत नाही. मामांनी खरे कारण कोणाला सांगितले नव्हते.

यंत्र उघडले आहे, बोर्डवर इश्यू ६ए असे लिहिले आहे आणि पट्ट्या दोन्ही शाबूत निघाल्या. कंडेन्सर बदलून झाले. अडॅप्टरची पिन उलट जोडून मीटरने तपासली. रविवारी गावात दुपारी पंप बंद असतात, तेव्हा तीन दाब मोजून आकडे येथे टाकतो.

सोल्डरचा धूर (अकोला)

उणे ५ आधी मोजा, मग बाकीचे. आणि मीटरची काळी तार पिन १६ वर चिमट्याने पक्की लावा, हाताने धरू नका. लाल तारही घसरू देऊ नका, पिन ८ आणि ९ चिपेच्या एकाच टोकाला समोरासमोर आहेत.