‘शंखी’, ‘गोगलगाय’ की ‘शंख’? पत्रकात काय लिहावं? (बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव दिलंय.)

तासगाव : सोयाबीन खाणाऱ्या गोगलगायींवर शेतकऱ्यांसाठी पत्रक काढतोय, त्यासाठी शब्द हवाय. वाड्यावस्त्यांवर कुणी ‘शंखी’ म्हणतं, कुणी ‘गोगलगाय’, दुकानात सरळ ‘किडा’. बरोबर कोणता?

मिरज : ‘किडा’ आधी खोडा. कीटक म्हणजे सहा पायांचा, संधिपाद (सांध्यांच्या पायांच्या) संघातला. गोगलगाय मृदुकाय संघातली. अंग मऊ, हाडं नाहीत, चालायला एकच मांसल पाय आणि अंगावर प्रावार नावाची घडी. ही घडीच चुन्याचं कवच तयार करते. हा नुसता शब्दच्छल नव्हे. ‘किड्याचं औषध द्या’ म्हटलं की कीटकनाशक हातात पडतं आणि बहुतेक कीटकनाशकांना गोगलगाय दाद देत नाही. मागायचं ते गोगलगायनाशक : मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या, एकरी २ किलो, संध्याकाळी बांधाकडेनं आणि सरींत टाकायच्या. पाऊस झाला तर गोळ्या विरघळून वाया जातात. कुत्र्यांना त्या विषारी आहेत, म्हणून ढीग करून ठेवू नयेत.

कराड : ‘शंखी गोगलगाय’ असं जोडून लिहा, कारण बिनकवचाचीही असते, तिला ‘शेंबी’ म्हणतात. पिकात धुमाकूळ घालते ती आफ्रिकी शंखी, मूळची पूर्व आफ्रिकेतली. नुसतं ‘शंखी’ लिहिलं तर शेंबीवाला शेतकरी म्हणेल, हे आपल्यासाठी नाही.

इस्लामपूर : ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आणि गोगलगायीचा शास्त्रातला ‘उदरपाद’ हा वर्ग, दोन्हीकडे तीच कल्पना. त्या वर्गाच्या ‘गॅस्ट्रोपोडा’ या नावातही पोट आणि पाय हेच दोन ग्रीक शब्द आहेत. गंमत अशी की पोट वर कवचात असतं, पाय खाली. म्हणजे म्हण आणि शास्त्रज्ञ दोघंही एकाच जागी चुकले. म्हणीचा रोख अर्थात गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसावर आहे.

तासगाव : मग नराला काय म्हणायचं? ‘गोगलबैल’?

इस्लामपूर : नर वेगळा नसतोच. शंखी उभयलिंगी. प्रत्येक जण अंडी घालू शकतो, एका खेपेला शंभराच्या वर, मातीत पुरून. म्हणून नुसत्या मोठ्या वेचून भागत नाही.

वाई : ‘शंख’ मात्र इथे वापरू नका. तो देवघरातला, समुद्री. उन्हाळ्यात शंखी कवचाचं तोंड पातळ पडद्यानं बंद करून पडून राहते. समुद्री शंखाच्या पायावर कायमचं झाकण असतं. शिवाय ‘निव्वळ शंख आहे’ म्हणजे मठ्ठ, हा अर्थ आहेच.

एक भर घालतो. ‘दक्षिणावर्ती’ या शब्दानं फार घोटाळा होतो. शास्त्रात कवचाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे करतात. तोंड उजवीकडे आलं तर उजवा, आणि बहुतेक शंख तसेच. पूजेत टोक खाली धरतात, म्हणून आपला दुर्मिळ दक्षिणावर्ती शास्त्रात डावा ठरतो. बाजारात त्या नावानं पुष्कळदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा वेगळाच शंख खपवतात. तोंडात डोकावून बघा : खऱ्याच्या आतल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या असतात, अमेरिकी शंखाच्या नसतात.

सांगली : कृष्णेच्या वाळूतले ते ‘शिंपले’, त्यांना शंख म्हणू नये. दोन झडपांचे, वर्ग वेगळा. त्यांची पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणून मासे संपले की शिंपलेही संपतात. ‘तिसऱ्या’, ‘कालवं’ हे किनाऱ्यावरचे शब्द; ते आपल्या पत्रकात नकोत.

तासगाव : लिहितो : ‘शंखी व शेंबी गोगलगायी’. खाली वेचणीचं?

मिरज : गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर पसरा, सकाळी उलटून खालच्या गोगलगायी गोळा करा. हातात हातमोजे हवेत, गोगलगायीतल्या एका कृमीमुळे माणसाच्या मेंदूला सूज येऊ शकते. गोळा केलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवा, पण ते पाणी पिकात ओतू नका, माती खारट होते. गोगलगायी अडवायला बांधावर टाकलेला चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंतच चालतो. ‘चुना मारा’ लिहाल तर ‘पाऊस झाल्यावर पुन्हा’ हे शब्द सोडू नका.